दृक्‌प्रत्ययवाद : डोळ्याचा विषय आणि वर्णनाची जबाबदारी

‘इंप्रेशनिझम’ या पाश्चात्त्य चित्रपंथासाठी मराठीत ‘दृक्‌प्रत्ययवाद’ हा प्रतिशब्द रूढ झाला आहे. साहित्यसमीक्षेत त्याच्या जोडीने ‘संस्कारवाद’ हा शब्दही अधूनमधून आढळतो. पालीचा अभ्यासक हे दोन शब्द शेजारी शेजारी वाचतो तेव्हा थबकतो. पालीत ‘पच्चय’ म्हणजे ज्याच्या आधाराने दुसरे काही उत्पन्न होते तो हेतू. आणि ‘सङ्खार’ म्हणजे चित्ताने केलेली घडण, चेतनेने केलेली जुळवाजुळव. पहिला शब्द डोळ्याच्या बाजूचा आहे, तर दुसरा डोळ्याने पाहून झाल्यावर मन जे करते त्याच्या बाजूचा. मराठीने एकाच गोष्टीसाठी योजलेले हे दोन पर्याय अभिधम्माच्या दृष्टीने एका प्रवाहाच्या दोन निरनिराळ्या टप्प्यांवर उभे आहेत. शब्द घडविणाऱ्यांच्या मनात हे नसणारच. तथापि या चित्रपंथाविषयी, आणि त्याच्या छायेत मराठीत वाढलेल्या वर्णनशैलीविषयी, आम्हांस जे म्हणावयाचे आहे ते या दोन शब्दांमधील अंतरातच आहे.

या पंथाचा इतिहास बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. तो थोडक्यात आटोपतो. १८७४ च्या एप्रिलमध्ये पॅरिसमध्ये, सरकारमान्य प्रदर्शनाच्या बाहेर, नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत काही चित्रकारांनी आपली चित्रे मांडली. त्यांत क्लोद मोने याचे १८७२ चे ल हाव्र बंदराचे एक चित्र होते आणि त्याच्या शीर्षकात ‘इंप्रेशन’ हा शब्द होता. लुई लरॉय या टीकाकाराने तोच शब्द पकडून सगळ्या मंडळींची टवाळी केली आणि टवाळीचे नाव पुढे पंथाचे नाव झाले. या चित्रकारांच्या हाती रंग भरलेल्या धातूच्या नळ्या होत्या. त्यामुळे चित्रशाळेबाहेर, उघड्या उजेडात बसून चित्र पुरे करणे शक्य झाले होते. शेवरल या रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्ये शेजारशेजारच्या रंगांचा एकमेकांवर होणारा परिणाम मांडून ठेवला होता. या सगळ्यातून सावली काळी नसते, ती निळसर किंवा जांभळट असते, हे चित्रात प्रथमच ठामपणे दिसू लागले.

मोनेने १८९२ ते १८९४ या काळात रूआँ येथील चर्चच्या दर्शनी भागाची तीसहून अधिक चित्रे काढली. इमारत एकच, बदलतो तो प्रहर आणि हवामान. एवढी चित्रे कशासाठी, असा प्रश्न वर्ध्याच्या वाचकाला पडण्याचे कारण नाही. गीताई मंदिराजवळचा विश्वशांती स्तूप त्याने पाहिलेला आहे. स्तूप पांढरा आहे, असे आपण म्हणतो. परंतु पहाटे तो पांढरा दिसत नाही; राखेत किंचित गुलाबी मिसळावा तसा दिसतो. वैशाखातल्या दुपारी त्याच्याकडे पाहवत नाही. घुमटाची कड आकाशात विरघळते आणि चार दिशांच्या चार बुद्धमूर्तींपैकी समोरची मूर्तीही क्षणभर ओळखू येत नाही. सायंकाळी पश्चिमेची बाजू हळदीसारखी होते आणि पूर्वेच्या बाजूला निळी छाया उतरते. मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर तर त्याचा रंग कोणत्याही एका शब्दात मावत नाही. ‘पांढरा’ हे आपले ज्ञान झाले, दर्शन नव्हे. दृक्‌प्रत्ययवादी चित्रकाराने आपले ज्ञान बाजूस ठेवून केवळ दर्शन फलकावर उतरविण्याचा आग्रह धरला, आणि त्याचे हे काम वरवर वाटते त्याहून पुष्कळ कठीण आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. अजिंठ्याच्या चित्रांनाही कोणी हौसेने दृक्‌प्रत्ययवादी म्हणतात. ज्यांचे राज्य आपल्या पवनारपर्यंत होते, किंबहुना डॉ. वा. वि. मिराशी यांच्या मते ज्यांची प्रवरपूर ही राजधानी म्हणजेच पवनार, त्या वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेच्या काळात अजिंठ्याची उत्तरकालीन लेणी घडली. १६ क्रमांकाचे लेणे हरिषेणाचा अमात्य वराहदेव याच्या दानाने झाले. पण ही चित्रे रेषेची आहेत आणि नावाची आहेत. त्यांतली आकृती कोणत्या जातकातली, कोणत्या प्रसंगातली, हे ओळखल्यावरच चित्र उलगडते. त्यांची थोरवी निराळी आहे. तिला पॅरिसच्या शिक्क्याची गरज नाही.

महाराष्ट्रात या पंथाच्या खरोखर जवळ जाणारा चित्रकार शोधावयाचा तर तो कोल्हापुरास सापडतो. आबालाल रहिमान हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयाने राजचित्रकार झाले आणि १९३१ मध्ये निवर्तले. कोटितीर्थ, रंकाळा, संध्यामठ हे त्यांचे विषय. पाण्यावरची संध्याकाळ, ओल्या हवेत पुसट झालेले दगडी बांधकाम, आकाशाचा पाण्यात उतरलेला एखादा पट्टा, हे त्यांच्या जलरंगांत ज्या नेमकेपणाने येते ते पाहून त्यांना भारतातील आरंभीचे दृक्‌प्रत्ययवादी म्हटले गेले. आम्हांस या पदवीचे फारसे अप्रूप नाही. फ्रान्समधून पंथ येथे आला की येथल्या पाण्याने आणि उजेडानेच त्यांना तो शिकविला, हा वाद कलेतिहासकारांनी करावा. माणूस स्वतःच्या डोळ्यांनी पाहू लागला की कोणत्याही देशात तो थोडाफार अशाच प्रकारे पाहू लागतो, एवढे आम्हांस पुरेसे आहे.

या पाहण्याची चिकित्सा आपल्या परंपरेत फार पूर्वी झाली आहे. चक्षू आणि रूप यांच्या आधारे चक्षुविज्ञान उत्पन्न होते, हे प्रत्येक उपासकाला माहीत असते. पण त्या चक्षुविज्ञानाला नेमके काय दिसते? आचार्य बुद्धघोषांनी अट्ठसालिनीत या प्रश्नाची काटेकोर उकल केली आहे. लांब-आखूड, लहान-मोठे या गोष्टी अंधारात हाताने चाचपूनही कळतात. निळे, पिवळे, तांबडे, पांढरे मात्र चाचपून कळत नाही. म्हणून वर्ण, म्हणजे रंग, हाच डोळ्याचा खरा विषय होय. वस्तूचा आकार, तिचे नाव, तिचा उपयोग, तिच्याविषयीचा राग वा लोभ हे सारे त्यानंतर मनाच्या दारी घडते. त्याच ग्रंथात चित्तप्रक्रिया समजावण्यासाठी आंब्याच्या झाडाखाली झोपलेल्या माणसाचा दृष्टान्त येतो. फळ पडते, माणूस जागा होतो, डोळे उघडून पाहतो, फळ उचलतो, दाबतो, हुंगतो, मग खातो. यांत डोळे उघडून पाहणे ही एकच पायरी डोळ्याची, बाकीच्या चित्ताच्या. मोनेने ज्या पायरीवर थांबून चित्र काढण्याचा प्रयत्न केला ती हीच, असे म्हटले तर त्यात ओढाताण होणार नाही.

भगवंतांनी हीच पायरी साधनेचा विषय म्हणून ज्याला शिकविली, तो बाहिय दारुचीरिय सुप्पारकचा, म्हणजे आपल्या कोकणातील सोपाऱ्याचा. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी जेथील स्तूप उकरला तेच हे ठिकाण. उदान ग्रंथातील कथेप्रमाणे बाहिय सावत्थीला गेला आणि भिक्षाटनास निघालेल्या भगवंतांना त्याने रस्त्यातच गाठले. त्याला मिळालेल्या उपदेशाचा आशय असा की, पाहिलेल्यात केवळ पाहिलेलेच असू द्यावे. मनाने त्यात आणखी भर घालू नये.

बौद्ध वाचकाला यात केवळ साधनेचा उपदेश दिसेल, तर आम्ही त्यास बाबासाहेबांच्या एका आठवणीकडे नेऊ इच्छितो. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आत्मकथनात १९०१ मधील एका प्रवासाची हकीकत आहे. भीमराव, त्यांचे बंधू आणि भाचे वडिलांकडे गोरेगावला जाण्यासाठी मसूर स्थानकावर उतरले. मुले नव्या कपड्यांत होती. डोक्याला चमकदार टोप्या, पायांत नवे जोडे. न्यायला कोणीच आले नाही. स्टेशनमास्तरने त्यांना पाहिले, ब्राह्मणांची मुले समजला आणि त्यांच्या अडचणीने कळवळला. मग त्याने विचारले, तुम्ही कोण? मुलाने भाबडेपणाने सांगितले, महार. त्या क्षणी मास्तरचा चेहरा पालटला.

या प्रसंगाकडे अभिधम्माच्या नजरेने पाहावे. प्रश्नापूर्वी आणि उत्तरानंतर मास्तरच्या डोळ्यांना दिसले ते एकच होते. तेच कपडे, त्याच टोप्या, तेच चेहरे, स्थानकावरचा तोच उजेड. रंगाच्या एका ठिपक्यातही फरक पडला नाही. बदलले ते नाव. आणि नावामागोमाग मनाने जे उभे केले ते. आधीचे ‘ब्राह्मण’ हेही डोळ्याने पाहिलेले नव्हते. तीही कपड्यांवरून मनाने केलेली घडणच होती. गवतात, किड्यांत, पक्ष्यांत जन्माने आलेली वेगळाली लक्षणे असतात, माणसांत तशी नसतात, हे वासेट्ठसुत्तात तथागतांनी सांगितले, त्याचा अर्थ येथे डोळ्यांसमोर उभा राहतो. जात डोळ्याला दिसत नाही. ती पञ्ञत्ति आहे, मानलेली गोष्ट आहे. नावाच्या अलीकडे थांबणारी नजर ही केवळ चित्रकाराची चैन नव्हे. त्या नजरेत अस्पृश्यता शिरूच शकत नाही.

तर मग दृक्‌प्रत्ययवाद ही आपल्या लेखनाची आदर्श शैली मानावी काय? आम्हांस तसे वाटत नाही, आणि याचे कारण वरच्याच प्रसंगात आहे. बाबासाहेबांनी मुलांच्या टोप्यांचा रंग आणि स्थानकावरची सायंकाळ एवढेच लिहिले असते तर वर्णन खोटे झाले नसते. पण मास्तरचा प्रश्न, मुलाचे उत्तर, पालटलेला चेहरा, मागाहून दुप्पट भाडे घेऊनही मुलांनाच बैलगाडी हाकायला लावून शेजारून पायी चालणारा गाडीवान, रात्रभर न मिळालेले पाणी हे सारे गळले असते. डोळ्याने नावाच्या अलीकडे थांबणे ही मुक्ती. वर्णन करणाऱ्याने नावाच्या अलीकडे थांबणे हे मात्र पुष्कळदा निसटून जाणे असते. या दोहोंची गल्लत मराठीत फार झाली आहे.

खुद्द मोनेला याचा चटका बसला होता. १८७९ मध्ये त्याची पत्नी कामीय वारली तेव्हा मृत्युशय्येवरील तिचे चित्र त्याने काढले. पुष्कळ वर्षांनी क्लेमांसो या आपल्या मित्राला त्याने सांगितले की, प्रिय माणसाच्या निष्प्राण चेहऱ्यावर निळा, पिवळा, करडा रंग कसकसे उतरत आहेत हे आपले डोळे आपोआप टिपत होते. हे ध्यानात आल्यावर तो स्वतःच हादरला होता. त्याच मंडळीतील पिसारो आणि दगा यांचे उदाहरणही सूचक आहे. ड्रायफस या निरपराध ज्यू अधिकाऱ्याच्या प्रकरणात पिसारो न्यायाच्या बाजूस राहिला, दगा ज्यूद्वेष्ट्यांच्या. शैली दोघांना जवळ आणू शकली, विवेक देऊ शकली नाही.

विसुद्धिमग्गात स्थविर महातिस्स यांची कथा आहे. नवऱ्याशी भांडून माहेरी निघालेली एक स्त्री वाटेत त्यांना पाहून हसली. स्थविरांना केवळ तिचे दात दिसले. त्यांनी अस्थिसंज्ञेचे ध्यान केले आणि ते अर्हत झाले. मागून शोधत आलेल्या नवऱ्याने विचारले, या वाटेने एखादी स्त्री गेली काय? स्त्री गेली की पुरुष हे मला ठाऊक नाही, हाडांचा एक सापळा गेला, असे उत्तर मिळाले. इंद्रियसंवराचे यासारखे दुसरे उदाहरण नाही. परंतु साक्षीदार म्हणून स्थविरांचा उपयोग शून्य, हेही तितकेच खरे. स्थविरांना साक्ष द्यायची नव्हती. आपल्याला पुष्कळदा द्यायची असते.

कोल्हापूरच्या पाण्याकडे पुन्हा पाहू. ज्या नगरात आबालालांनी पाण्यावरचा उजेड रंगविला, त्याच नगरात गंगाराम कांबळे या राजवाड्यातील सेवकाला पाण्याच्या हौदास स्पर्श केल्यावरून सवर्ण नोकरांनी मारहाण केली. शाहू महाराजांनी त्यास उपाहारगृह काढून दिले आणि तेथे स्वतः जाऊन चहा घेतला. आबालालांच्या चित्रात हे दिसत नाही, म्हणून त्यांना दोष देणे अरसिकपणाचे होईल. कोटितीर्थाचे चित्र हे कोण पाणी पितो आणि कोण पीत नाही याचा अहवाल असल्याचा दावा करीत नाही. बालकवींच्या ‘औदुंबर’ कवितेलाही आम्ही हाच न्याय लावतो. हिरवळ, चिमुकले गाव, पांढरी पायवाट, काळसर डोह; आठ ओळींत रंगांचे काही फटकारे आणि पाण्यात पाय सोडून बसलेले झाड. आमच्या पिढीच्या वाचकाला त्या डोहाशी महाडचे तळे आठवते, हा त्याचा इतिहास झाला, कवितेचा अपराध नव्हे.

अपराध घडतो तो वृत्तान्तात. वर्तमानपत्रांतील एक ठरीव वाक्य घ्यावे : गावात तणावपूर्ण शांतता आहे. दुसरे : दोन गटांत हाणामारी झाली. या वाक्यांत वातावरण आहे, म्हणजे एक प्रकारचा दृक्‌प्रत्यय आहे, कर्ता नाही. कोणी कोणाला अडविले, कोणत्या शब्दांत, विहिरीवर की मिरवणुकीच्या वाटेवर, हे धुक्यात जाते. पॅरिसच्या चित्रकाराने नाव टाळले ते अधिक नेमके पाहण्यासाठी. बातमीदार नाव टाळतो ते पाहणेच टाळण्यासाठी. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात तर जातीवरून झालेला हेतुपुरस्सर अपमान लोकांच्या दृष्टिपथात घडलेला असावा लागतो. तेथे कोण उभे होते, कोणी पाहिले आणि काय ऐकले, यावर प्रकरण टिकते वा कोसळते. तणावपूर्ण शांतता कोणत्याही न्यायालयात साक्षीला उभी राहू शकत नाही.

परंतु दुसऱ्यांच्या वर्तमानपत्रांना बोल लावून आपली सुटका होत नाही. दर वर्षी धम्मचक्र प्रवर्तनदिनानंतर आपल्याच नियतकालिकांत, स्मरणिकांत जे वर्णन छापून येते त्यात ‘निळा महासागर’, ‘भीमसागर उसळला’, ‘जनसागराला भरती आली’ यापलीकडे काय असते? सागराची उपमा कोणीतरी प्रथम दिली तेव्हा त्याने खरोखर काही पाहिले असेल. आता ती पाहण्यापूर्वीच कागदावर तयार असते. हा दृक्‌प्रत्यय नव्हे, हा निव्वळ सङ्खार आहे. मनाने आधीच करून ठेवलेली घडण. सागरात थेंबाला चेहरा नसतो. ज्यांना शतकानुशतके चेहरा नाकारला गेला, त्यांच्या सर्वांत मोठ्या दिवसाचे वर्णन करताना आपण स्वखुशीने तो पुसून टाकतो, याची आम्हांस खंत वाटते.

आणि रंगाचेच म्हणाल तर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या त्या मैदानावर मुख्य रंग निळा नव्हता, पांढरा होता. दीक्षा घ्यायला येणाऱ्यांनी शुभ्र वस्त्रे परिधान करून यावे, असे सांगितले गेले होते. आजच्या निळ्याची सवय झालेला लेखक १९५६ चे वर्णनही निळ्यानेच करतो. म्हणजे धूसर शैलीने त्याला निदान रंग तरी खरा दाखवावा, तेही होत नाही.

याउलट बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) किंवा वसंत मून यांचे नागपूरच्या जीवनावरील ‘वस्ती’ (१९९५) वाचावे. त्यांत घरातली भांडी, खाणे, सणाच्या चाली, माणसांची नावे आणि स्वभाव अशा गोष्टी आहेत. त्यांचे गद्य कोठे कोठे खडबडीत आहे, क्वचित पाल्हाळिकही आहे. पण वाचून झाल्यावर वाचकाला असे काही दिसते जे त्याला आधी दिसत नव्हते, आणि वर्णनाची आमच्या मते हीच कसोटी आहे. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’मध्ये (१९७२) प्रतिमा अंगावर फेकल्यासारख्या येतात, वाक्ये तुटतात, एका दृश्यावर दुसरे आदळते, शैलीने पाहिले तर तो ‘वस्ती’पेक्षा कितीतरी अधिक दृक्‌प्रत्ययवादी. तरी त्यात धुके नाही. तेव्हा आमचा वाद शैलीशी नसून आळसाशी आहे, हे येथे स्पष्ट करून ठेवतो.

वर्धा जिल्ह्यातून, वर्ध्याहून, हिंगणघाटहून, आर्वी आणि देवळीच्या बाजूच्या खेड्यांतून जी माणसे त्या वेळी नागपूरला गेली, त्यांच्यातील जी त्या दिवशी दहा-बारा वर्षांची होती ती आज ऐंशीच्या आसपास आहेत. त्यांची संख्या दर वर्षी घटते आहे. त्यांच्याकडून आठवणी घेताना गर्दी किती होती असे विचारू नये. उत्तरात सागरच येईल. विचारावे की, घरातून कोण कोण निघाले आणि मागे कोण राहिले. रेल्वेने गेलात, बैलगाडीने की पायी. मुक्काम कोठे पडला. शिदोरीत काय बांधले होते. आईचे पांढरे लुगडे नवे होते की उसने, आणि उसने असेल तर कोणाचे. प्रतिज्ञा म्हणताना शेजारी कोण उभे होते. गावी परतल्यावर घरातले देव कोणी उचलले, आणि कोणत्या नदीत किंवा विहिरीत सोडले.